बाळंतिणीच्या उशापर्यंत औषध का पोहोचत नाही

बाळ रडलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बाळंतपण करणाऱ्या सिस्टरचा मात्र अजून पडलेला नसतो. वार कधी पडते आणि नंतर अंगावरून किती जातं, इकडे तिचं सगळं लक्ष असतं.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या जागी रक्तवाहिन्यांची उघडी तोंडं उरतात. शरीराकडे ती मिटवायचा मुख्य मार्ग एकच, गर्भाशयाने मुठीसारखं आवळून घेणं. या वाहिन्यांच्या भोवती स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात. ते आकसले की वाहिन्या पिळल्या जातात आणि रक्त थांबतं. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या आसपास नारळासारखा टणक गोळा लागतो. सिस्टर पुन्हापुन्हा पोट चाचपते ती हाच गोळा शोधायला. तो मऊ लागला, भिजवलेल्या कणकेसारखा, तर हातात वेळ फार थोडा असतो. धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत हातची जाऊ शकते. अंगात आधीच रक्त कमी असेल तर त्याहूनही लवकर.

जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना बाळंतपणानंतर असा अतिरक्तस्राव होतो आणि सुमारे ७०,००० जणी त्यात दगावतात. गरोदरपण आणि बाळंतपणाशी जोडलेल्या सगळ्या कारणांनी २०२३ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार मृत्यू झाले, म्हणजे रोज सातशेच्या वर. त्यातले ७० टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत झाले, आणि जगातल्या एकूण मृत्यूंपैकी पाव हिश्शाहून जास्त एकट्या नायजेरियात. आपल्याकडे २०१८-२० या काळात १ लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ मातामृत्यू नोंदले गेले. या आकड्यांमधली दरी बायकांच्या शरीरातून आलेली नाही. गर्भाशय सगळीकडे सारखंच आकसतं, आणि ते आकसायला लावणारं औषधही सगळ्या जगाला ठाऊक आहे.

ते औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. १९०६ मध्ये हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला पियूषिका ग्रंथीच्या अर्कात गर्भाशय आवळणारा गुण दिसला. १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी तो रेणू प्रयोगशाळेत बनवला, आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आज त्याची करंगळीहून लहान काचेची कुपी मिळते. आत १ मिलिलिटर पाण्यासारखा द्रव, त्यात १० युनिट औषध. कुपीची मान मोडायची, सिरिंजमध्ये ओढायचं, मांडीत टोचायचं. किंमत अगदी थोडी, आणि पेटंटची अडचण केव्हाच संपलेली.

मग अडतं कुठे?

फ्रीज कुणाचा?

ऑक्सिटोसिनला उष्णता सोसत नाही. ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं. कारखान्यातून बंदरावर, बंदरावरून राजधानीच्या गोदामात, तिथून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून खेड्यातल्या केंद्रावर, एवढ्या सगळ्या वाटेवर. यातला एक टप्पा जरी पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात उभ्या ट्रकमध्ये किंवा वीज गेलेल्या खोलीत गेला, तरी औषधाची ताकद उतरायला लागते.

आणि उतरलेली ताकद डोळ्यांना दिसत नाही. दूध नासलं तर वासाने कळतं, गोळी ओली झाली तर भुगा होतो. खराब झालेलं ऑक्सिटोसिन मात्र तसंच स्वच्छ, पाण्यासारखं दिसतं. सिस्टर पूर्ण विश्वासाने टोचते. गोळा कडक होत नाही म्हणून दुसरं देते, मग तिसरं. नंतर कागदावर लिहिलं जातं की औषध दिलं, पण बाईने प्रतिसाद दिला नाही. हे वाक्य वाचताना मला दर वेळी त्रास होतो. प्रतिसाद त्या कुपीने दिलेला नसतो, आणि नोंद पडते बाईच्या नावावर.

तुम्ही म्हणाल, गावोगावच्या केंद्रांत फ्रीज असतोच की. असतो, पण तो लसींचा असतो. अनेक देशांत लसीकरण एका विभागाकडे आणि माता-आरोग्य दुसऱ्याकडे असतं. दोघांचा निधी वेगळा, गाड्या वेगळ्या, नोंदवह्याही वेगळ्या. लसींच्या फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही, ही शिस्त लसीकरणवाल्यांनी वर्षानुवर्षं मोठ्या कष्टाने लावलेली. तिच्यामागचं कारणही खरं आहे. लसीची कुपी समजून बाळाला भलतंच औषध टोचलं गेलं तर अनर्थ होईल. पण त्या शिस्तीपायी ऑक्सिटोसिन बाहेर कपाटात राहिलं. अखेर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी मिळून सांगितलं, की ऑक्सिटोसिनही लसींच्याच शीतसाखळीतून न्या आणि त्याच फ्रीजमध्ये वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा. इतक्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं लागली.

आपल्याकडे या औषधाचं नाव वेगळ्याच कारणाने गाजलं. गाई-म्हशींनी पान्हा सोडावा म्हणून गोठ्यांत ते सर्रास टोचलं जातं, या तक्रारीवरून केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशांतर्गत वापरासाठीचं उत्पादन एका सरकारी कंपनीपुरतं ठेवायचा निर्णय घेतला. गोठ्यातला गैरवापर थांबवायच्या नादात बाळंतिणीचं औषध तुटेल, असं डॉक्टर आणि आरोग्य-कार्यकर्ते म्हणू लागले. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. एका खात्याने दुधाकडे पाहून काढलेला आदेश दुसऱ्या खात्याच्या प्रसूतिगृहात कसा येऊन धडकतो, हे यातून नीट दिसतं.

बेळगावच्या खेड्यांतली गोळी

जिथे फ्रीज नाही, इंजेक्शन द्यायला कुणी नाही, तिथे काय करायचं? या प्रश्नाचं एक भक्कम उत्तर आपल्या शेजारून आलं.

मिसोप्रोस्टॉल ही मुळात पोटातल्या अल्सरसाठी काढलेली गोळी. ती गर्भाशयही आवळते, हे माहीत होतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी संशोधकांना सोबत घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत तिची कसोटी लावली. २००२ ते २००५ या काळात १,६२० बायका तीत सहभागी झाल्या. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात झाली आणि ती केली नर्सबाईंनी. डॉक्टर हाकेच्या अंतरावर नव्हते. बाळ झाल्याबरोबर निम्म्या बायकांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिलं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळला. काहींना थंडी वाजून ताप आला, पण तो उतरला.

या कामातून आणखी एक वस्तू निघाली, आणि मला ती गोळीइतकीच मोलाची वाटते. रक्त किती गेलं हे नुसत्या नजरेने ठरवलं तर अंदाज हमखास कमी निघतो. ते चादरीत मुरतं, जमिनीवर पसरतं, पाण्यात मिसळतं. म्हणून त्यांनी बाळंतिणीखाली अंथरायची प्लास्टिकची चादर वापरली. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त त्यात उतरतं आणि रेघ बघितली की कळतं. अनुभवी आणि नवख्या सिस्टरला आकडा एकच दिसतो.

मिसोप्रोस्टॉल ऑक्सिटोसिनइतकं चांगलं नाही, हेही सांगायला हवं. जिथे चांगलं ऑक्सिटोसिन आणि ते टोचणारं माणूस आहे, तिथे तेच द्यावं. गोळी आहे ती जिथे हे दोन्ही नाही तिथल्या बाईसाठी. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी तिचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. नेपाळमध्ये गावच्या महिला स्वयंसेविका 'मातृ सुरक्षा चक्की' या नावाने ती गरोदर बायकांना आधीच घरी देऊन ठेवायच्या. (नेपाळीत चक्की म्हणजे गोळी.) अनेक देशांत मात्र ती अडली, कारण हीच गोळी गर्भपातासाठीही वापरतात. सरकारं बिचकली, परवाने रखडले. शिवाय तिला दमट हवा बाधते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी नसेल तर ती ताकद गमावते. गोळी आहे म्हणजे काम झालं, असं इथेही म्हणता येत नाही.

उन्हात टिकणारं इंजेक्शन, आणि तरीही

२०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. भारतासह १० देशांतल्या जवळपास ३०,००० बायकांवर कार्बेटोसिन या औषधाचं नवं, उष्णता सोसणारं रूप तपासलं होतं. रक्तस्राव टाळण्यात ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं निघालं. गंमत अशी, की चाचणीत दोन्ही औषधं थंडच ठेवली होती, कारण ऑक्सिटोसिनला उन्हात ठेवून हरवणं म्हणजे लबाडी झाली असती. नवं औषध ३० अंशांत तीन वर्षं टिकतं. २०१९ मध्ये तेही अत्यावश्यक यादीत आलं. गरीब देशांच्या सरकारी दवाखान्यांना परवडेल अशा भावात द्यायचं उत्पादकाने कबूल केलं. पण प्रत्येक देशात वेगळी नोंदणी, मार्गदर्शक सूचनांत बदल, सिस्टरांचं नवं प्रशिक्षण हे सगळं आलंच. शिवाय कळा वाढवायला ते चालत नाही, बाळ झाल्यावरच द्यायचं. म्हणजे ऑक्सिटोसिनही हवंच आणि दोन्हींची गल्लत टाळायची.

रक्त वाहू लागलंच, तर ट्रानेक्झामिक ॲसिड आहे. ते शरीराने केलेली रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६० च्या दशकात ते शोधलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर ते वापरून बघावं असं उताकोबाईंना तेव्हाच वाटत होतं, पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. मोठी चाचणी झाली ती अर्ध्या शतकानंतर. २१ देश, २०,०६० बायका. औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्त जाऊन होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. निकाल एप्रिल २०१७ मध्ये छापून आले. उताकोबाई त्याच्या वर्षभर आधी, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या.

आता यातलं प्रत्येक औषध सुटं सुटं असून भागत नाही, हे २०२३ मध्ये स्पष्ट दिसलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत २ लाखांहून जास्त बाळंतपणांवर एक पद्धत तपासली. आधी वाट बघायची, मग एक औषध द्यायचं, मग पुन्हा वाट बघायची ही जुनी रीत बाजूला ठेवली. बाईखाली मापाची चादर, बेळगावला होती त्याच जातीची. ३०० मिलिलिटरची रेघ ओलांडली आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, किंवा रक्त ५०० ला पोहोचलं, की लगेच सगळं एकदम करायचं: पोटावरून गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाइन, आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीच्या शस्त्रक्रिया आणि मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी घटले. एकही औषध नवं नव्हतं. पण ते सगळं एका पेटीत, हाताशी, आधीच मांडून ठेवलेलं होतं. 'बाहेरून आणा' म्हणून नवऱ्याच्या हातात चिठ्ठी देण्यात पाऊण तास गेला नाही.

(बाळंतपणातले झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट हे असंच आणखी एक जुनं, स्वस्त औषध. ३३ देशांत १० हजारांवर बायकांवर झालेल्या चाचणीतून २००२ मध्ये कळलं, की त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. तरी मात्रा जास्त होईल या भीतीने कित्येक ठिकाणी ते कपाटातच राहतं. तिथे गरज औषधाची नसून हात धरून शिकवणाऱ्याची आहे.)

लेकरांची औषधं: माप आईच्या हातातलं हवं

जुलाबाने लेकरू सुकून जातं, त्यावर जलसंजीवनी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली, त्याला अर्धं शतक उलटलं. सोबत १० ते १४ दिवस झिंकची गोळी द्यावी, हे २००४ मध्ये सांगितलं गेलं. त्याने जुलाब लवकर थांबतात आणि पुन्हा व्हायची शक्यता कमी होते. तरी झांबियाच्या खेड्यांत दोन्ही एकत्र मिळणारं लेकरू शंभरात एकही नव्हतं.

सायमन आणि जेन बेरी या जोडप्याला एक गोष्ट खटकत होती, की त्या खेड्यांत कोका-कोला पोहोचतो आणि जलसंजीवनी पोहोचत नाही. म्हणून त्यांनी कोलाच्या क्रेटमध्ये बाटल्यांच्या मधल्या फटीत बसेल असं औषधाचं खोकं केलं. कल्पना जगभर गाजली. २०१२-१३ मध्ये प्रत्यक्ष करून पाहिल्यावर कळलं, की बहुतेक दुकानदार ते खोकं क्रेटमध्ये घालतच नाहीत. साबण, तेल, मीठ घेतात तसंच घाऊक दुकानातून घेतात आणि सायकलला बांधून नेतात. ते नेतात, कारण त्यात त्यांना चार पैसे सुटतात आणि गिऱ्हाईक मागतं. या शोधाबद्दल मला त्या दोघांचं फार कौतुक वाटतं. स्वतःची गाजलेली कल्पना चुकली हे त्यांनी लपवलं नाही आणि जे खरं चाललं ते धरलं.

आणि चाललं ते खोक्याच्या आतलं. जुनी पुडी एक लिटर पाण्याची. घरात लिटरचं भांडं नाही, लेकरू दिवसात एवढं पीत नाही, उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकायचं किंवा खराब झालेलं पाजायचं. नव्या खोक्यात २०० मिलिलिटरच्या पुड्या, झिंकच्या गोळ्या, साबणाची वडी. आणि खोकं हेच माप, हेच ढवळायचं भांडं, हाच पेला. वर्षभरात तिथल्या जुलाब झालेल्या जवळपास ४५ टक्के लेकरांना दोन्ही औषधं मिळाली. २०१९ मध्ये जलसंजीवनी आणि झिंक एकाच पाकिटात, हे रूप जागतिक यादीत आलं.

न्यूमोनियावरच्या ॲमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचंही तेच. पातळ औषधाची बाटली जड, तिला स्वच्छ पाणी आणि थंडावा हवा. चमच्यात विरघळणारी गोळी आली आणि पाण्यात किंवा आईच्याच दुधात औषध कालवता येऊ लागलं.

एक औषध सगळीकडे सारखं लागू पडतं असंही नाही. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात नाळेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावल्याने नवजात मृत्यू २४ टक्क्यांनी घटले, आणि 'नाभी मल्हम' देशभर गेला. तिथे नाळेला तेल-हळद लावायची रीत होतीच. झांबियात आणि टांझानियाच्या पेंबा बेटावर मात्र मृत्यू घटले नाहीत. काही आफ्रिकी देशांत ते चुकून डोळ्यांत घातल्याने बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. डोळ्यांच्या औषधाची नळीही तशीच दिसते, घाईत चूक होते.

खोटं औषध, रिकामी नोंदवही

औषध पोहोचलं तरी ते औषधच असायला हवं. २०२२ मध्ये गॅम्बियात सत्तरच्या आसपास लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. हरियाणात बनलेल्या सिरपांत डायइथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्रव सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला. कंपनीने आरोप नाकारले. २०२५ मध्ये तेच विष छिंदवाड्याच्या लेकरांच्या खोकल्याच्या औषधात निघालं. त्यातल्या कितीतरी लेकरांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. ज्या देशाकडे तपासायची प्रयोगशाळा नाही, तो देश बाटलीवरच्या लेबलावर विसंबतो. आफ्रिकी देशांनी म्हणूनच सामाईक औषध-नियामक संस्था उभारायला घेतली. तिचा करार २०२१ मध्ये लागू झाला.

शेवटी नोंदवही. केंद्रावरची सिस्टर पुढच्या तिमाहीची मागणी लिहिते, ती मागच्या तिमाहीत किती खपलं त्यावरून. मागच्या वेळी औषध दोन महिने संपलेलं असेल तर खप दिसतो थोडाच. म्हणून मागणी थोडी जाते, माल थोडा येतो आणि लवकर संपतो. वरच्या कार्यालयात बसलेल्याला वाटतं, तिथे गरजच नाही. कागद चोख असतो आणि बाई चिठ्ठी घेऊन बाजारात पळत असते.

सेनेगलने ही वही सिस्टरच्या हातातून काढून घेतली. २०१२ मध्ये डाकारजवळच्या पिकीन इथून सुरुवात झाली, गर्भनिरोधकांपासून. आता मागणी पाठवायची नाही. ठरल्या दिवशी गाडी येते, सोबतचा माणूस कपाट उघडतो, मोजतो, किती खपलं ते लिहितो, किती दिवस कपाट रिकामं होतं तेही लिहितो, आणि तिथेच भरून देतो. केंद्राने पैसे द्यायचे ते खपलेल्या मालाचेच. रिकामी कपाटं झपाट्याने कमी झाली, पद्धत देशभर गेली आणि पुढे गाडीत इतर औषधंही चढली. या योजनेचं नाव 'येक्सी ना'. वोलोफ भाषेत त्याचा अर्थ 'मी पोहोचलो'.